मुलांसोबत काम करणाऱ्यांची पडताळणी: दाखल्याच्या आधी आणि दाखल्यानंतर

प्रश्न असा आहे: "आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मुलांसाठी चित्रकला, कराटे, अभ्यासिका आणि सुट्टीतलं शिबिर सुरू करायचं ठरलं आहे. शिकवणारे काही पगारी आहेत, काही स्वयंसेवक, आणि बहुतेक ओळखीचेच. सगळ्यांकडून पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला घेतला की आमची जबाबदारी पूर्ण होते का? कोणाकोणाचा घ्यायचा, आणि तो किती वर्षं चालतो?"

दाखला घ्यायलाच हवा, आणि तो काम सुरू होण्याआधी घ्यायला हवा. मात्र जबाबदारी तिथे पूर्ण होत नाही. बालसुरक्षेच्या कामात मी बरीच वर्षं आहे. संस्थांच्या फायली तपासताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ज्या फायलीत दाखला आहे आणि बाकी काहीच नाही तिची. जिथे दाखलाही नाही, तिथे निदान संस्थेला आपलं काम अर्धवट असल्याची जाणीव असते. दाखला आला की मात्र सगळे निर्धास्त होतात आणि नको त्या गोष्टींकडे दुर्लक्ष सुरू होतं.

दाखला नेमकं काय सांगतो ते आधी बघा. दिलेल्या नावावर, दिलेल्या तारखेपर्यंत, संबंधित यंत्रणेच्या नोंदींत काय सापडलं, एवढंच तो सांगतो. मुलांवरच्या अत्याचाराच्या बाबतीत नोंद होणं हीच मोठी अडचण असते. मूल लगेच बोलत नाही, कित्येकदा मोठं होईपर्यंत बोलत नाही. बोललं तरी घरचे पोलिसांपर्यंत जातातच असं नाही. गेलेच तर गुन्हा सिद्ध होईलच याची खात्री नसते. आणि बऱ्याच संस्था तक्रार आली की गुपचूप राजीनामा घेतात, वर अनुभवाचं छान पत्रही देतात. असा माणूस कोरा दाखला घेऊन तुमच्या दारात येऊ शकतो, आणि त्या दाखल्यात खोटं काहीच नसतं.

इंग्लंडमधल्या सोहम गावात ऑगस्ट २००२ मध्ये दोन दहा वर्षांच्या मुलींचा खून झाला. खुनी तिथल्या माध्यमिक विद्यालयाचा केअरटेकर होता. त्याआधीच्या काही वर्षांत दुसऱ्या भागात त्याच्याविरुद्ध अल्पवयीन मुलींच्या संदर्भातल्या आणि बलात्काराच्या अनेक तक्रारी पोलिसांकडे आल्या होत्या, पण त्यांतल्या एकाही प्रकरणात त्याला शिक्षा झालेली नव्हती. तो दोन आडनावं वापरायचा. नेमणुकीच्या वेळी नोंदी एकाच आडनावावर शोधल्या गेल्या, दुसरं आडनाव राहून गेलं. पुढे या प्रकरणाच्या सरकारी चौकशीचा, म्हणजे बिचार्ड चौकशीचा, अहवाल २००४ मध्ये आला. त्यात पोलिसांच्या नोंदव्यवस्थेवर ठपका आहेच, पण नेमणूक करणाऱ्यांनी पूर्वीच्या नोकऱ्यांचा इतिहास आणि शिफारसपत्रं नीट पडताळली नाहीत, हेही स्पष्ट नोंदवलं आहे. या अहवालातूनच ब्रिटनमध्ये २००६ चा सेफगार्डिंग व्हल्नरेबल ग्रुप्स कायदा आला आणि २०१२ मध्ये पडताळणीचे दाखले देणारी आजची डीबीएस (डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस) ही सरकारी यंत्रणा उभी राहिली. या प्रकरणातली एक गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. त्या मुली त्याच्या विद्यालयातल्या नव्हत्याच. त्या प्राथमिक शाळेत होत्या, आणि त्याची मैत्रीण तिथे सहायक शिक्षिका होती. त्या ओळखीमुळे मुलींना तो परका वाटला नाही. मुलांचा विश्वास असा एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. संस्थेतलं पद तो विश्वास मिळवून देतं, मग त्या पदाचं काम झाडलोटीचं का असेना.

म्हणून "कोणाकोणाचा घ्यायचा" हे पदाच्या नावावरून ठरवू नका. प्रत्येक माणसाबाबत तीन गोष्टी विचारा: या व्यक्तीला मुलासोबत एकटं राहायची संधी मिळते का? तेच तेच मूल वारंवार भेटून ओळख वाढते का? मुलाच्या नजरेत या व्यक्तीला काही अधिकार आहे का? यातल्या एकाचं जरी उत्तर हो असलं, तरी पडताळणी हवी. या कसोटीवर कराटे शिकवणारे सर येतात, तसे मुलांना ने-आण करणारा ड्रायव्हर, स्वच्छतागृहाच्या बाजूला काम असणारे सफाई कर्मचारी, दारावरचा वॉचमन आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर कुलूप लावणारे काकाही येतात. सेंटरची किल्ली ज्याच्याकडे असते, त्याची पडताळणी झालीच पाहिजे.

कायद्याची भाषा देशागणिक बदलते, पण रोख साधारण हाच असतो. ब्रिटनमध्ये मुलांना शिकवणं, सांभाळणं, प्रशिक्षण देणं अशी कामं देखरेखीशिवाय आठवड्यातून एकदा किंवा जास्त, तीस दिवसांत चार किंवा जास्त दिवस, किंवा रात्री दोन ते सहा या वेळेत होत असतील, तर ती 'रेग्युलेटेड ॲक्टिव्हिटी', म्हणजे कायद्याने नियंत्रित काम, धरली जातात. मुलांसोबत काम करण्यास मनाई असलेल्या व्यक्तीला असं काम देणं हा तिथे गुन्हा आहे. आयर्लंडमध्ये २०१२ चा नॅशनल व्हेटिंग ब्युरो कायदा एप्रिल २०१६ मध्ये लागू झाला. तिथे पडताळणीचा निकाल हाती येण्याआधी काम सुरू करू देणं हाच संस्थेचा अपराध ठरतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 'ब्लू कार्ड', म्हणजे मुलांसोबत काम करायची सरकारी मंजुरी, नसेल तर काम नाही, असा नियम ३१ ऑगस्ट २०२० पासून आहे. त्याआधी पगारी माणसाला अर्ज केल्यावर निकालाची वाट पाहताना काम सुरू करता यायचं.

भारतात मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा, आणि त्याखालचे सध्याचे नियम २०२० चे. या नियमांत शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी आणि मुलांसाठीची इतर कोणतीही सुविधा, म्हणजे जिथे मुलं राहतात किंवा मुलांशी नियमित संपर्क येतो अशा प्रत्येक संस्थेवर ठरावीक कालावधीने पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी करण्याचं बंधन आहे. शिकवणारे असोत वा न शिकवणारे, कायम असोत वा कंत्राटी, मुलांशी संपर्क येणारे सगळे कर्मचारी त्यात येतात. यातले दोन शब्द बऱ्याच संस्थांच्या नजरेतून सुटतात. एक, 'ठरावीक कालावधीने': पडताळणी एकदा करून भागत नाही. दुसरा, 'कंत्राटी': एजन्सीकडून आलेला माणूस एजन्सीची जबाबदारी म्हणून सोडून देता येत नाही. याच नियमांत कर्मचाऱ्यांच्या नियमित प्रशिक्षणाचीही जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. नियमांची भाषा मात्र कर्मचाऱ्यांभोवती फिरते. म्हणून स्वयंसेवकांचा समावेश तुमच्या स्वतःच्या बालसुरक्षा धोरणात स्पष्ट लिहून घ्या. विनामोबदला येणारा माणूस मुलासाठी 'सर' किंवा 'ताई'च असतो. पगार घेतो की नाही, हे मुलाला माहीतही नसतं.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी आपणच इंटरनेटवर बघून घेऊ, असं काही समित्यांना वाटतं. भारतात २०१८ मध्ये सुरू झालेला असा डेटाबेस तपास यंत्रणांसाठी आहे. संस्थांना आणि सामान्य नागरिकांना तो खुला नाही. त्यामुळे रस्ता पोलीस पडताळणीचाच. नाव टाकताच अहवाल देणाऱ्या खासगी कंपन्या बऱ्याचदा फक्त नाव जुळवतात. एकाच नावाची शेकडो माणसं असतात आणि एकाच माणसाच्या नावाची चार स्पेलिंगं. अशा अहवालावर निर्णय सोपवू नका. फार तर पूरक माहिती म्हणून ठेवा.

आता सेंटरसारख्या जागेतली सगळ्यात मोठी फट. शाळेत येणारा जवळजवळ प्रत्येक जण शाळेचा असतो. सेंटरचं तसं नसतं. तिथला हॉल भाड्याने जातो. कोणी नृत्याचा क्लास घेतं, कोणी बुद्धिबळाचा, कोणी संस्कारवर्ग. समितीला वाटतं, ते त्यांचे विद्यार्थी, आपण फक्त जागा दिली. पण पालक मूल पाठवतात ते सेंटरच्या नावाकडे पाहून.

स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत १३ मार्च १९९६ रोजी एका माणसाने गोळीबार करून १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेचा जीव घेतला. त्या माणसाकडचं स्काउटमधलं नेतेपद १९७४ मध्येच काढून घेतलेलं होतं. त्यानंतरही तो वर्षानुवर्षे शाळांचे हॉल आणि जिम भाड्याने घेऊन मुलग्यांचे क्लब चालवत राहिला. पालकांच्या आणि इतरांच्या मनात शंका होत्या, तक्रारीही झाल्या, पण क्लब त्याचा स्वतःचा असल्यामुळे त्याला हटवणारं वर कोणी नव्हतं. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाची चर्चा झाली ती मुख्यतः बंदुकांच्या कायद्यासाठी. पण त्यात आणखीही एक शिफारस होती: सोळा वर्षांखालची मुलं स्वेच्छेने जिथे जातात अशा क्लबांना मान्यता देणारी व्यवस्था असावी आणि त्यांच्या चालकांची पुरेशी तपासणी व्हावी. तीस वर्षांपूर्वीची ही शिफारस मला आजही सेंटरच्या प्रत्येक भाडेकरारात दिसायला हवी असं वाटतं. करारात एक कलम घाला: अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कार्यक्रम घेणाऱ्याने सर्व प्रौढांच्या पडताळणीचा पुरावा आणि आपलं बालसुरक्षा धोरण पहिल्या वर्गाआधी दाखवायचं. धोरण नसेल तर सेंटरचं धोरण लेखी मान्य करायचं. तक्रार आल्यास सेंटरला कळवायचं. कलम मोडलं तर आरक्षण रद्द. एकदा लिहून ठेवलं की कोणा एकावर संशय घेतल्यासारखं होत नाही, सगळ्यांना सारखाच नियम लागतो.

प्रत्यक्ष पडताळणी ओळखीपासून सुरू होते. मूळ ओळखपत्र समोर बघा, झेरॉक्सवर भागवू नका. आतापर्यंत वापरलेली सगळी नावं लिहून घ्या: लग्नाआधीचं, बदललेलं, कागदोपत्री वेगळं असलेलं, टोपणनावसुद्धा. गेल्या पाच-सात वर्षांतले सगळे पत्तेही घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी पडताळणी राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यामार्फत होते. जो माणूस सहा महिन्यांपूर्वीच या भागात आला, त्याच्याबद्दल इथल्या ठाण्याला काय माहीत असणार? परदेशात राहून आलेल्यांकडून त्या त्या देशाचा पोलीस दाखला मागा. ब्रिटनमध्ये राहिलेल्यांसाठी इंटरनॅशनल चाइल्ड प्रोटेक्शन सर्टिफिकेट अशी खास सोयच आहे. दाखला उमेदवाराने आणून दिला तरी त्यावरच्या क्रमांकावरून तो मूळ ठिकाणी खरा आहे का ते तपासा. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये संस्थेने उमेदवाराचा तपासणी-मंजुरीचा क्रमांक ऑनलाइन पडताळणं बंधनकारक आहे. नुसता कागद बघणं तिथे धरलंच जात नाही. या आग्रहाचं कारण साधं आहे: दाखला नंतर रद्द झाला तरी कागद माणसाच्या खिशात तसाच राहतो.

न्यूझीलंडचा २०१४ चा मुलांविषयीचा कायदा मला या विषयात सगळ्यात शहाणा वाटतो. सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवांमधल्या कर्मचाऱ्यांसाठी त्यात जी सुरक्षा तपासणी सांगितली आहे, तिच्यात पोलीस पडताळणी हा अनेक भागांपैकी फक्त एक भाग आहे. बाकीचे भाग म्हणजे ओळखीची खात्री, गेल्या पाच वर्षांच्या कामाचा इतिहास, रेफरन्स, व्यावसायिक संस्थेचा सदस्य असल्यास तिथली माहिती, मुलाखत, आणि शेवटी या सगळ्यावरून धोक्याचं लेखी मूल्यमापन. दर तीन वर्षांनी पुन्हा. तुमच्या सेंटरला हा कायदा लागू नसला तरी हा क्रम उचलायला काहीच हरकत नाही. ही कामं छोट्या समितीलाही जमतात. त्यांना पैसा जवळजवळ लागत नाही, वेळ मात्र लागतो.

कामाच्या इतिहासात मधल्या रिकाम्या जागा शोधा. मार्चमध्ये एक काम सुटलं आणि पुढचं काम नोव्हेंबरमध्ये लागलं, तर मधे काय होतं? उत्तर बहुतेक वेळा साधंच असतं: आजारपण, बाळंतपण, आईवडिलांची शुश्रूषा, नोकरी न मिळणं. विचारण्यात अपमान नाही, फक्त सगळ्यांना विचारा. दर वर्षी नवी संस्था, नवा भाग, आणि प्रत्येक वेळी "तिथलं वातावरण पटलं नाही" असं उत्तर आलं, तर त्यातल्या निदान दोन संस्थांना तुम्ही स्वतः फोन केलाच पाहिजे.

हा रेफरन्सचा फोन म्हणजे माझ्या मते अख्ख्या पडताळणीचा कणा. "ज्याच्याशी संबंध आहे त्यास" असं लिहिलेली शिफारसपत्रं बाजूला ठेवा. उमेदवाराने दिलेला मोबाइल नंबरही पहिल्यांदा लावू नका. संस्थेचा नंबर स्वतः शोधा, ऑफिसात फोन करा आणि तिथून त्या व्यक्तीला जोडून घ्या. रेफरन्स देणाऱ्यांत निदान एक जण असा हवा ज्याने उमेदवाराला मुलांसोबत काम करताना प्रत्यक्ष पाहिलं आहे. नातेवाईक आणि जिवलग मित्र चालत नाहीत.

असा एक फोन मी करत असताना समोरच्या बाई भरभरून बोलत होत्या. माणूस वक्तशीर, हुशार, मुलं त्याच्यामागे वेडी, कार्यक्रम उत्तम बसवतो. सगळं लिहून घेतलं. मग मी माझा नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, "उद्या त्यांनी पुन्हा अर्ज केला तर तुम्ही त्यांना मुलांच्या कामावर घ्याल का?" पलीकडे शांतता. मग, "म्हणजे... आमच्याकडे आता जागाच नाहीये." मी म्हटलं, जागा आहे असं धरू. पुन्हा शांतता, आणि मग त्या म्हणाल्या, "ऑफिसच्या कामासाठी घेईन." मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की हा माणूस वर्ग सुटल्यावर ठरावीक मुलांना थांबवून घ्यायचा आणि सांगूनही ते थांबलं नाही. तक्रार नव्हती, पोलीस नव्हते, कागदावर काहीच नव्हतं. त्याचा दाखला कोराच आला असता. त्याला आम्ही घेतलं नाही.

म्हणून हा प्रश्न शब्द न बदलता विचारा, आणि उत्तर हो किंवा नाही असं येईपर्यंत थांबा. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न: त्यांच्या वागण्याबद्दल कधी कोणती तक्रार किंवा कुरबुर आली होती का, सिद्ध झालेली नसली तरी? त्यांनी तुमची संस्था का सोडली? बोलणं झाल्यावर तारीख, वेळ, नाव आणि शब्दशः उत्तरं लिहून फायलीत ठेवा. समोरची संस्था "आम्ही फक्त कामाच्या तारखा सांगतो" म्हणाली तर तेही लिहा आणि दुसरा रेफरन्स मागा.

मुलाखतीत मुलं आवडतात का, असं विचारून काही कळत नाही. सगळेच हो म्हणतात. प्रसंग द्या. वर्ग संपला, एका मुलीला न्यायला कोणी आलेलं नाही, बाकी सगळे गेलेत, तुम्ही काय कराल? एखादा मुलगा तुम्हाला मोबाइलवर खासगी मेसेज पाठवू लागला तर? सहकारी मुलांशी वागताना मर्यादा ओलांडतोय असं वाटलं, पण खात्री नाही, तर? यात पाठ केलेलं अचूक उत्तर शोधू नका. माणूस दुसऱ्या मोठ्याला बोलावतो का, कोणाला कळवायची तयारी दाखवतो का, नियमाला विरोध करतो का, हे बघा. "मी असल्या नियमात बसत नाही, मुलांशी माझं वेगळंच नातं असतं," हे वाक्य कोणी अभिमानाने बोललं तर माझी पेन तिथेच थांबते.

दाखल्यावर काही नोंद आली तर घाईने निर्णय घेऊ नका, आणि सरसकट नकारही देऊ नका. मुलांवरचा कोणताही गुन्हा, लैंगिक गुन्हा, गंभीर हिंसा: इथे चर्चा नाही, मुलांचं काम द्यायचं नाही. पण वीस वर्षांपूर्वी कॉलेजात असताना झालेली मारामारी, आंदोलनातला गुन्हा, जुनी चोरी, यांचा विचार वेगळा. गुन्हा काय होता, तेव्हा वय काय होतं, मधे किती काळ गेला, पुन्हा घडलं का, या कामाशी त्याचा संबंध किती, आणि माणसाने स्वतःहून आधी सांगितलं की लपवलं. त्याला बोलण्याची संधी द्या. निर्णय किमान दोघांनी मिळून घ्या आणि कारणासह लिहा. खटला चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत मुलांपासून दूरचं काम देता येतं. कॅनडातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिथल्या 'व्हल्नरेबल सेक्टर चेक'मध्ये, म्हणजे मुलं आणि इतर असुरक्षित लोकांसोबत काम करणाऱ्यांच्या पोलीस तपासणीत, एखाद्याचं लिंग आणि जन्मतारीख जुन्या माफी मिळालेल्या लैंगिक गुन्हेगाराच्या नोंदीशी जुळली, की त्याच्याकडून बोटांचे ठसे मागितले जातात. त्यात कित्येक जण पूर्ण निर्दोष असतात, फक्त जन्मतारीख तीच असते. ठसे मागितले म्हणजे काहीतरी असणारच, अशी कुजबुज सेंटरमध्ये होता कामा नये.

म्हणूनच ही कागदपत्रं कपाटात कुलपाखाली राहिली पाहिजेत आणि ती दोनच ठरलेल्या व्यक्तींनी पाहावीत. व्हॉट्सॲपवर समितीच्या ग्रुपमध्ये दाखल्यांचे फोटो फिरताना मी पाहिले आहेत. हे थांबवा. ब्रिटनमध्ये दाखल्यातली माहिती साधारण सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नये असा दंडक आहे. नंतर फक्त क्रमांक, तारीख आणि निर्णय एवढीच नोंद ठेवतात. तुमच्या देशातला कायदा किंवा तुम्हाला निधी देणारी संस्था मूळ प्रत मागत नसेल, तर हीच पद्धत घ्या.

किती वर्षं चालतो? काही ठिकाणी मंजुरीला मुदत असते. क्वीन्सलँडचं ब्लू कार्ड तीन वर्षांचं, न्यू साउथ वेल्सची मंजुरी पाच वर्षांची, आणि मधल्या काळात नवी नोंद झाली की यंत्रणेला कळतं. ब्रिटनच्या डीबीएस दाखल्यावर मुदतच छापलेली नसते. तो दिला त्या दिवसापुरता खरा. अपडेट सर्व्हिसला नाव नोंदवलेलं असेल तर पुढचे बदल तपासता येतात. जिथे अशी सततची नजर नाही, तिथे मी दोन किंवा तीन वर्षांनी नवा दाखला आणि दर वर्षी एक लेखी घोषणा असं सुचवते: गेल्या वर्षभरात माझ्यावर गुन्हा, अटक किंवा मुलांसंबंधी तक्रार झालेली नाही, झाल्यास लगेच कळवेन. घोषणा खोटी निघाली तर काढून टाकायला तेवढं पुरेसं असतं. सगळ्यांच्या तारखा एका वहीत ठेवा, आणि ती वही कोणाकडे आहे हे नावानिशी ठरवा.

दाखला यायला वेळ लागतो आणि शिबिर तोंडावर येतं, हे प्रत्येक सेंटरमध्ये घडतं. अशा वेळी त्या माणसाला सामानाची यादी, नोंदणी, हॉलची मांडणी अशी कामं द्या. मुलांसमोर तो पडताळणी झालेल्या माणसासोबतच उभा राहील, एकटा कधीच नाही. तेही जमत नसेल, किंवा तुमच्याकडचा कायदा तेवढीही मुभा देत नसेल, तर तो वर्ग पुढे ढकला.

पडताळणी उत्तम झाली तरी ती भूतकाळाची असते. ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने (२०१३ ते २०१७) तिथल्या तपासणी व्यवस्थेला पाठिंबा दिला, आणि त्याच वेळी या कार्डावर फार विसंबलं तर संस्थांना आणि पालकांना खोटा दिलासा मिळतो असंही बजावलं. त्यामुळे पहिले तीन-चार महिने प्रत्येक नव्या माणसाचा वर्ग कोणीतरी न सांगता जाऊन बघावा. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, आणि ती दोघं नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ नकोत. वर्गाच्या दाराला काच असावी, नाहीतर दार उघडं. मुलांशी एकास एक मेसेज नाही, पालक असलेला ग्रुपच वापरायचा. एकट्या मुलाला गाडीतून सोडायचं नाही. सोळा-सतरा वर्षांचे मदतनीस हेही अजून मुलंच आहेत, त्यांना मोठ्या माणसांच्या संख्येत धरू नका.

आणि शंका आली तर कोणाला सांगायचं, त्या व्यक्तीचं नाव भिंतीवर मुलांना वाचता येईल असं लावा. भारतात पोक्सोच्या कलम १९ नुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती किंवा तशी भीती असेल तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि संस्थाप्रमुखासाठी ती जास्त, एक वर्षापर्यंतच्या कैदेची आहे. आधी आपण घरगुती चौकशी करू, खरं निघालं तर बघू, हा मार्ग कायद्याने बंद आहे. तपास करणं समितीचं काम नाही. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून त्याची साक्ष बिघडते, हे वेगळंच.

शेवटी तुमच्या प्रश्नातला "बहुतेक ओळखीचेच" हा शब्द. खरी अडचण इथेच येईल. वीस वर्षं विनामोबदला शिकवणाऱ्या काकांना दाखला मागायला कोणाचीही जीभ धजावत नाही. त्यांना वाईट वाटेल, कदाचित ते सोडून जातील. पण ओळखीच्यांना सूट दिली की नवा माणूस ओळख काढून त्याच वाटेने आत येतो. मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेकदा मुलाच्या आणि घरच्यांच्या ओळखीचीच असतात. ओळख म्हणजे तपासणी नव्हे, हे समितीने आधी आपापसांत मान्य करायला हवं. मग एका बैठकीत नियम मंजूर करा, तारीख ठरवा, आणि पहिले अर्ज अध्यक्ष, सचिव आणि खजिनदारांनी सगळ्यांसमोर भरावेत. त्यानंतर काकांकडे जाऊन सांगा, "आमचे भरून झाले, आता तुमचा." माझा अनुभव असा आहे की मनापासून मुलांसाठी येणारी माणसं अशा वेळी पेन मागून घेतात. ज्यांना एवढं करूनही पटणार नाही त्यांच्या आजवरच्या कामाबद्दल आभार माना, आणि त्यांना मुलांचा वर्ग देऊ नका.